डायग्रामवर राईट क्लिक केलं की आपला मेनू कसा आणायचा (आणि तो ग्रे का राहतो)

बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीसाठी मी प्रोसेस लेआउट काढायचा एडिटर बनवतोय. सँड प्लांट, मोल्डिंग, फर्नेस, नॉकआउट, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग असे चौकोन आणि त्यांच्यामधून बाण, एवढाच पसारा. एडिटर इक्लिप्सच्या जीईएफवर (डायग्राम एडिटर बनवायची जावा लायब्ररी) आहे, जुना म्हणा पण चालतोय. दाखवायला गेलो तर तिथले फोरमन मामा म्हणाले, "शॉट ब्लास्टिंग बंद पडलं की मी तो चौकोन डिलीट करतो, मग नॉकआउटचा बाण परत फेटलिंगला जोडत बसतो, हे काय काम लावलंय आम्हाला, राईट क्लिक केलं की बायपास म्हणून येऊ दे की." मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, दोन दिवस गेले. ते दोन दिवस तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. क्लासची नावं देवनागरीत देतोय, कोडमध्ये ती इंग्रजीत आणि जोडूनच लिहायची, हे सांगायला नकोच.

पहिलं म्हणजे मेनूपासून सुरुवात करू नका, मी केली आणि तिथंच फसलो. आधी कमांड लिहा. जीईएफमध्ये मॉडेलमध्ये (डायग्राममागचा डेटा) काहीही बदल करायचा तर तो कमांड क्लासमधून कमांडस्टॅकवर (अनडू-रीडू ज्यातून चालतं ती कमांडची थप्पी) गेला पाहिजे, ॲक्शनच्या (मेनूतला आयटम दाबल्यावर चालणारा क्लास) रनमध्येच थेट मॉडेल बदललं तर दिसायला सगळं बरोबर चालतं पण अनडू दाबलं की काहीच होत नाही आणि सेव्हसाठी एडिटर डर्टीही (बदल सेव्ह करायचे बाकी, अशी खूण) होत नाही. मामांसारखा माणूस पहिल्यांदा कंट्रोल झेडच दाबतो.

बायपासकमांडला फक्त स्टेशन (म्हणजे वगळायचा तो चौकोन) द्यायचं. कॅनएक्झिक्यूटमध्ये बघायचं की आत येणारा बाण एकच आहे आणि बाहेर जाणारा पण एकच आहे, दोन आत आणि तीन बाहेर असतील तर कोण कुणाला जोडायचं हे आपण ठरवायचं नाही, तिथं सरळ फॉल्स. एक्झिक्यूटमध्ये दोन्ही जुने बाण सुटे करा, स्टेशन डायग्राममधून काढा, मागच्यापासून पुढच्यापर्यंत नवीन बाण जोडा. अनडूमध्ये हेच बरोब्बर उलट्या क्रमानं: आधी नवीन बाण काढा, मग स्टेशन परत ठेवा, मग जुने बाण. स्टेशन लिस्टमध्ये कितव्या नंबरला होतं ते पण लक्षात ठेवा, नाहीतर अनडूनंतर ते सगळ्यात वर येऊन बसतं आणि दुसऱ्या चौकोनाला झाकतं.

आता रीडू. कमांड क्लासचं रीडू स्वतःहून एक्झिक्यूटच परत बोलावतं, त्यामुळं लिहायची गरज नाही असं वाटतं. पण एक्झिक्यूटमध्ये तुम्ही न्यू करून बाण बनवत असाल तर प्रत्येक रीडूला नवा बाण जन्माला येतो, आणि स्टॅकमध्ये पुढं पडलेली कमांड (समजा त्याच बाणाला लेबल दिलेलं) अजून जुन्याच बाणाला धरून बसलेली असते. मग रीडू, रीडू केलं की लेबल गायब, आणि एरर पण येत नाही. हे शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, वर मध्येच लाईट गेली ते वेगळंच. उपाय साधा आहे, बाण पहिल्या एक्झिक्यूटमध्ये एकदाच बनवून फील्डमध्ये ठेवा आणि रीडूमध्ये तोच जोडा.

कमांड झाली की ॲक्शन. सिलेक्शनॲक्शन एक्स्टेंड करा, कन्स्ट्रक्टरमध्ये वर्कबेंचपार्ट घ्या आणि सुपरला द्या. इनिटमध्ये सेटटेक्स्ट आणि सेटआयडी करतात, पण ते इनिट सुपरच्या कन्स्ट्रक्टरमधूनच बोलावलं जातं, म्हणजे तुमच्या क्लासचे फील्ड त्यावेळी अजून तयारच झालेले नसतात. इनिटमध्ये एखाद्या फील्डमध्ये काही ठेवलं आणि वर घोषणेत त्याच फील्डला इज इक्वल टू नल लिहिलेलं असलं, तर इनिटनंतर तो नल येऊन तुमची किंमत पुसून जातो. त्यामुळं इनिटमध्ये फक्त टेक्स्ट आणि आयडी, बाकी सगळं कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरच्या खाली.

कॅल्क्युलेटएनेबल्डमध्ये गेटसिलेक्टेडऑब्जेक्ट्स मागा. यातून मॉडेल मिळत नाही, एडिटपार्ट (मॉडेल आणि पडद्यावरचं चित्र जोडणारा ऑब्जेक्ट) मिळतो, मॉडेल त्याच्या गेटमॉडेलमधून काढायचं. आणि एक गंमत: कॅनव्हासवर काहीच निवडलेलं नसलं तरी लिस्ट रिकामी येत नाही, जीईएफ अख्ख्या डायग्रामचा एडिटपार्ट त्यात घालून देतं. म्हणजे साईझ एक आहे ना, मग कास्ट करू, असं केलं की मोकळ्या जागेवर राईट क्लिक केल्या केल्या क्लासकास्ट एक्सेप्शन. साईझ बघा आणि इन्स्टन्सऑफ पण बघा, मग कमांड बनवून तिचं कॅनएक्झिक्यूट काय म्हणतं ते परत द्या. रनमध्ये तीच कमांड परत बनवायची आणि एक्झिक्यूट मेथडला द्यायची, ती स्टॅकवर टाकायचं काम स्वतः करते.

(पुस्तकी पद्धत अशी की ॲक्शननं रिक्वेस्ट बनवायची, एडिटपार्टला गेटकमांड विचारायचं आणि कमांड एडिटपॉलिसीनं (एडिटपार्टला लावलेला, कुठल्या रिक्वेस्टला कुठली कमांड ते ठरवणारा क्लास) द्यायची. वेगवेगळ्या चौकोनांनी एकाच मेनूला वेगवेगळं उत्तर द्यायचं असेल तर तसंच करा. माझ्याकडं स्टेशन एकाच जातीचं, म्हणून एवढा घोळ घातला नाही.)

आता एडिटरमध्ये क्रिएटॲक्शन्स ओव्हरराईड करा, आधी सुपर बोलवा, नाहीतर डिलीट, अनडू सगळं जाईल. मग ॲक्शन बनवा, ॲक्शनरजिस्ट्रीत रजिस्टर करा, आणि तिचा आयडी गेटसिलेक्शनॲक्शन्सच्या लिस्टमध्ये घाला. ही तिसरी ओळ लोक विसरतात आणि मग विचारत सुटतात की मेनू दिसतोय पण कायम ग्रे का. सिलेक्शन बदललं हे ॲक्शनला त्या लिस्टमुळंच कळतं, लिस्टमध्ये नाव नाही तर तिच्या दृष्टीनं कधीच काही निवडलेलं नाही.

सगळ्यात सोपा भाग मेनूचा, आणि मी सुरुवात नेमकी तिथूनच केलेली. कॉन्टेक्स्टमेनूप्रोव्हायडर एक्स्टेंड करा, व्ह्यूअर (डायग्राम दाखवणारा ऑब्जेक्ट) आणि रजिस्ट्री दोन्ही घ्या, बिल्डकॉन्टेक्स्टमेनूमध्ये पहिली ओळ जीईएफॲक्शनकॉन्स्टंट्सच्या ॲडस्टँडर्डॲक्शनग्रुप्सची. त्यानं अनडू, कॉपी, एडिट, सेव्ह असे कप्पे पडतात. मग रजिस्ट्रीतून आयडीनं ॲक्शन काढून अपेंडटूग्रुपनं एडिटच्या कप्प्यात टाका. कप्प्याचं नाव चुकलं तर एक्सेप्शन येतो. मेनू प्रत्येक राईट क्लिकला नव्यानं बांधला जातो, म्हणून इथं इफ इजएनेबल्ड लावून नको तेव्हा आयटम लपवताही येतो. मी बायपास लपवत नाही, ग्रे ठेवतो, कारण मेनूत रोज एकाच जागी दिसणारी गोष्ट हाताला सवयीची होते. शेवटी कॉन्फिगरग्राफिकलव्ह्यूअरमध्ये, सुपरनंतर, व्ह्यूअरला सेटकॉन्टेक्स्टमेनू करा आणि साईटवर रजिस्टरकॉन्टेक्स्टमेनू पण करा. दुसरं केलं की इतर प्लगिन तुमच्या मेनूत आपले आयटम घालू शकतात. त्यांचा कचरा नको असेल तर ते सोडून द्या, मेनू तरीही येतो.

एवढं करूनही ग्रेच राहत असेल आणि तुमचा डायग्राम मल्टिपेज एडिटरच्या एका टॅबमध्ये असेल, तर तुमची चूक नाही. ग्राफिकलएडिटरचं सिलेक्शनचेंज्ड बघतं की सध्या ॲक्टिव्ह एडिटर मीच आहे का, आणि मल्टिपेजमध्ये ॲक्टिव्ह असतो तो बाहेरचा, आतला नव्हे, मग तो गप्प बसतो. सिलेक्शनचेंज्ड ओव्हरराईड करून अट न घालता अपडेटॲक्शन्स(गेटसिलेक्शनॲक्शन्स) बोलवा, झालं.

मामांनी नंतर अजून एक मागितलं, मोकळ्या जागेवर राईट क्लिक करून "इथं स्टेशन टाक". यात "इथं" म्हणजे नक्की कुठं तेच अवघड. रनमध्ये माऊसची जागा घेतली तर ती मेनूतल्या आयटमची येते, कारण तोवर माऊस हललेला असतो. बिल्डकॉन्टेक्स्टमेनूमध्येच डिस्प्लेकडून कर्सर लोकेशन घ्या, कंट्रोलच्या टूकंट्रोलनं ते कॅनव्हासच्या मापात आणा, आणि मग डायग्रामच्या फिगरवर ट्रान्सलेटटूरिलेटिव्ह करा. शेवटचं विसरलात तर स्क्रोल किंवा झूम नसताना सगळं बरोबर दिसतं, आणि साहेबांसमोर डेमोला झूम केलं की फर्नेस भलतीकडंच उगवते.

राहिलं लेबल. आमच्याकडं शिफ्टमध्ये मराठीवाले, कन्नडवाले दोन्ही, त्यामुळं टेक्स्ट कोडमध्ये न घालता प्रॉपर्टीज फाईलमध्ये ठेवलं, नावाला एमआर आणि केएन जोडून दोन फाईली. मी मराठीत "वगळा" लिहिलेलं, मामांनी ते बघून विचारलं, "कुणाला वगळताय?" मग दोन्ही भाषांत बायपासच ठेवलं, फ्लोअरवर सगळे तेच म्हणतात. जावा ९ च्या आधीचं रिसोर्सबंडल प्रॉपर्टीज फाईल लॅटिन वन समजून वाचतं, तिथं देवनागरी आणि कन्नड अक्षरं युनिकोड एस्केपमध्येच लिहावी लागतात, ९ पासून यूटीएफ ८ चालतं. तपासायला इक्लिप्स सुरू करताना डॅश एनएल केएन द्या. मेनूत रिकामे चौकोन दिसले तर त्या मशीनवर फॉन्ट नाही, आणि भलतीच इंग्रजी चिन्हं दिसली तर फाईलचं एन्कोडिंग बघा.