साथ चालू असताना फ्लाईंगचे लेसन कसे घ्यायचे

सोलापूरहून बारामतीला फ्लाईंगला जाणारी पोरं आजाराची साथ आली की हमखास विचारतात, सर लेसन बंद की चालू? मी इन्स्ट्रक्टर, घर जुळे सोलापूरला, २०२० च्या कोविडनंतर परत उडायला लागलो तेव्हा काय जमलं काय फसलं ते सांगतो.

शिकायच्या सेसना १५२ विमानात दोनच सीट, खांद्याला खांदा घासतो, तिथं अंतर ठेवायचा विषयच नाही. म्हणजे जे काय करायचं ते विमानात बसायच्या आधी. रविवारी गावाकडं लग्न जेवून आलाय आणि घसा खवखवतोय, तर सोमवारची सॉर्टी (उड्डाणाची फेरी) कॅन्सल, पण पैसे कापू नका, पैसे कापले की पोरं खोकला लपवतात बघा. तसंही सर्दीत उतरताना कानाला दडे बसतात, आणि गोळी खाऊन आला तर झोप येते, दोन्ही वाईट.

एका इन्स्ट्रक्टरकडं ठरलेलेच दोन-तीन स्टुडंट ठेवा, अदलाबदल नको. मेट (हवामान), नॅव्हिगेशन घरी बसून ऑनलाईन, ब्रीफिंग हँगरच्या दारात वाऱ्याला. शेंगाचटणीचा डबा पण ज्याचा त्यानं खायचा, हे सोलापूरकराला सांगणं लई अवघड.

हेडसेट स्वतःचाच. माईक ओठाला टेकतो, त्यामुळं शेअर करावाच लागला तर फोम तरी प्रत्येकाचा वेगळा.

पुसायचं काम नीट समजून घ्या. मास्टर (विजेचा मुख्य स्विच) ऑफ, चावी बाहेर, मग फडक्यावर सॅनिटायझर घेऊन योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा), ट्रिम व्हील (नाक वर-खाली जुळवायचं चाक), बेल्टचं बक्कल, दाराचं हँडल. रेडिओवर फवारा मारायचा नाही. काचेला अल्कोहोल तर अजिबात नाही, ती ॲक्रिलिकची असते, बारीक तडे जातात, साधं पाणी आणि मऊ फडकं बास, आपला सोलापुरी टॉवेल कितीही भारी असला तरी तिथं नको. आणि पुसताना मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा), फ्युएल शटऑफ (इंधन चालू-बंद करायची कळ), एखादा विजेचा ब्रेकर हातानं हलतो, म्हणून नंतर चेकलिस्ट पहिल्यापासून.

मास्क घाला, पण जमिनीवर घालून बघा आधी. माझ्या एका स्टुडंटचा चष्मा फायनलवर (रनवेच्या रेषेत उतरताना) धुरकटला, रनवे समोर आणि हा म्हणतो सर काय दिसंना, मी कंट्रोल घेतला आणि उतरवलं. तेव्हापासून नियम एकच, दिसत नसेल किंवा रेडिओवर बोललेलं कळत नसेल तर मास्क खाली, आधी विमान. व्हेंट उघडे ठेवा, उन्हाळ्यात सॉर्टी पहाटेच्याच घ्या, दुपारच्या उन्हात मास्क लावून पोरगं अर्धं उकडून निघतं.

लेसन बरेच दिवस बंद होते तर लगेच सोलोला (एकट्यानं उडायला) सोडू नका, आधी बरोबर बसून दोन-चार सर्किट (रनवेभोवतीच्या फेऱ्या) मारा. उभ्या विमानाच्या पिटॉट ट्यूबमध्ये (स्पीड मोजायच्या नळीत) कुंभारमाशी मातीचं घर करते, कव्हर असलं तरी काढून डोळ्यानं बघा, आणि टेकऑफ रोलला स्पीडचा काटा हलला नाही तर थ्रॉटल मागं, तिथंच थांबा.