युव्हिआयटिसच्या रुग्णाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया : तयारीची यादी

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाला, म्हणजे बुबुळ आणि त्यालगतच्या थरांना, येणारा दाह. वारंवार होणाऱ्या या दाहामुळे आणि त्यावरच्या स्टिरॉइडच्या दीर्घ वापरामुळेही युव्हिआयटिसच्या रुग्णाला पुष्कळदा कमी वयातच मोतीबिंदू होतो. अशा वेळी शस्त्रक्रियेची तारीख केवळ मोतीबिंदू किती पिकला यावरून ठरत नाही. डोळा आतून किती काळ शांत आहे, हे आधी पाहावे लागते. किमान तीन महिने दाह नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. लाली आणि वेदना नसली की डोळा शांत झाला असे रुग्णाला वाटते, पण ते पुरेसे नाही. दाह उरला असेल, तर स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या) अरुंद झोतात, कवडशात धूळ दिसावी तशा, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दाहाच्या पेशी तरंगताना दिसतात. त्या दिसेनाशा झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना प्रत्येक तपासणीत स्पष्ट विचारावे. भिंगातूनच प्रथिने झिरपून दाह होत असेल, तर मात्र इतके थांबता येत नाही.

या काळात जुने कागद एकत्र करावेत: दाह कधी उसळला, कोणत्या औषधाने शमला, स्टिरॉइडने डोळ्याचा दाब वाढला होता का. मेथोट्रेक्सेट किंवा अडॅलिमुमॅबसारखे प्रतिकारशक्तीला आवर घालून दाह रोखणारे औषध चालू असल्यास ते शस्त्रक्रियेसाठी स्वतःहून थांबवू नये; त्याचा निर्णय नेत्रतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा. दाहाचे मूळ नागिणीच्या किंवा तत्सम विषाणूत असेल, तर विषाणूरोधक गोळ्यांचे संरक्षण लागेल का, हे आधीच विचारावे. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी सूज आहे का, ते पाहणारे ओसीटी स्कॅन (प्रकाशाने पडद्याच्या थरांचे चित्र घेणारी तपासणी) शस्त्रक्रियेपूर्वी करून घ्यावे, कारण नंतरच्या स्कॅनची तुलना त्याच्याशीच होणार असते. शिवाय पडद्याला जुनी इजा असल्यास दृष्टी कितपत सुधारेल, याचा अंदाजही त्यावरून येतो.

शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीपासून स्टिरॉइडचे थेंब, आणि काहींना गोळ्याही, सुरू करतात. मधुमेह असल्यास गोळ्यांच्या काळात रक्तातील साखर अधिक वेळा मोजावी. बुबुळ भिंगाला चिकटलेले असेल, तर बाहुली रुंद करण्यासाठी बारीक आकडे वापरावे लागतात आणि शस्त्रक्रियेला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो, याची कल्पना नातेवाइकांना देऊन ठेवावी.

खरी कसोटी नंतर लागते. थेंबांचे वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीवर लावावे. पांढरट दिसणारी बाटली प्रत्येक वेळी हलवावी, दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे आणि बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. स्पष्ट दिसू लागले म्हणून थेंब बंद करण्याचा मोह अनेकांना होतो आणि मग दाह उलटतो. मात्रा उतरवायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढ्या काळात डोळ्याचा दाब मोजत राहावा लागतो. सुरुवातीला सुधारलेली दृष्टी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा धूसर झाली, तर पडद्याला सूज आल्याची शक्यता असते, म्हणून ठरलेल्या भेटीची वाट न पाहता दाखवावे. पहिल्या काही दिवसांत वेदना वाढली, लाली वाढली किंवा नजर झपाट्याने उतरली, तर हा आपला नेहमीचाच दाह आहे असे समजून घरी थांबू नये. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, तपासणी व्हायला हवी.

दुसऱ्या डोळ्याची तारीख पहिल्या डोळ्याचा दाह पूर्ण शमल्यावरच घ्यावी.