ऑटिझमच्या उंदरांत स्पाइन मोजताना या चुका टाळा

ऑटिझमच्या प्राणी-मॉडेलमध्ये चेतापेशींची रचना बघायची म्हटलं की बहुतेक जण डेंड्राइटवरचे, म्हणजे पेशीच्या फांद्यांवरचे, स्पाइन मोजायला घेतात. ते बरोबरच आहे. कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पिरॅमिडल पेशींवरचे बहुतेक उत्तेजक सायनॅप्स, म्हणजे पेशी-पेशींमधले संदेशाचे सांधे, या बारीक उंचवट्यांवरच असतात. म्हणूनच ही मोजणी घाईत उरकलेली मला बघवत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फांद्या मोजायच्या आणि त्यांनाच एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, म्हणायचं. गटात 3 उंदीर, प्रत्येकाच्या 10 पेशी, पेशीमागे 3 फांद्या. झाले 90, आणि पी-व्हॅल्यू (छोटी असली की फरक खरा मानतात तो आकडा) इतकी छोटी की विद्यार्थी खूश. पण जीन बंद केलं ते उंदरात, फांदीत नव्हे. एन 3च. असाच एक डेटा पोस्टरला जाण्याआधी माझ्याकडे तपासायला आला होता. मॉडेल व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्या औषधाचं, म्हणजे गाभण मादीला औषध द्यायचं आणि मोजणी पिल्लांच्या मेंदूत करायची. फरक डोळ्यांत भरणारा होता. मी एवढंच सांगितलं की एका प्राण्याला एक ठिपका असा आलेख काढ आणि वेतानुसार (एका मादीची एका वेळची पिल्लं म्हणजे एक वेत) रंग दे. वरचे सगळे ठिपके एकाच मादीच्या पिल्लांचे निघाले. औषध मिळालेल्या दुसऱ्या मादीची पिल्लं कंट्रोलमध्ये मिसळून गेली होती. औषध आईला दिलंय, तर एकक वेत धरायचं. दोन वेतांवर काहीही ठाम म्हणता येत नाही. पोस्टर रद्द झालं. मुलाने मोजणी अगदी मन लावून केली होती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून वहीत प्रत्येक प्राण्यापुढे वेताचा नंबर, लिंग आणि जन्मतारीख लिहिल्याशिवाय मी मेंदू काढू देत नाही. जनुकीय मॉडेल असेल तर कंट्रोल त्याच वेतातली सामान्य भावंडं. बाहेरून मागवलेले उंदीर कंट्रोल म्हणून वापरणं हा आळस आहे. मिक्स्ड मॉडेल, म्हणजे प्राणी आणि वेत हिशेबात धरणारं संख्याशास्त्रीय गणित, जरूर चालवा, पण आधी ठिपके बघा.

दुसरी चूक वयाची. ‘फ्रॅजाइल एक्समध्ये स्पाइन जास्त आणि लांब’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. फ्रॅजाइल एक्स म्हणजे एफएमआर1 जीन बंद पडल्याने होणारा, ऑटिझमशी जोडलेला आजार. एफएमआर1 जीन बंद केलेला उंदीर 1994 साली आला आणि 1997 मध्ये प्रौढ उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये लांब, बारीक स्पाइन सापडले. पण 2001 मध्ये बॅरल कॉर्टेक्सच्या (मिशांचा स्पर्श ओळखणाऱ्या भागाच्या) अभ्यासात फरक पहिल्या आठवड्यात ठळक होता आणि चौथ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ पुसला गेला. यात कुणी खोटं बोलत नाहीये. स्पाइन आधी भराभर उगवतात, मग छाटले जातात. या ओघात तुम्ही कुठल्या दिवशी डोकावलात त्यावर उत्तर ठरतं. भागानेही चित्र पालटतं: ऑटिझमशी जोडलेलं शँक3बी नसलेल्या उंदरांत स्ट्रायटममधले (मेंदूच्या आतल्या एका भागातले) स्पाइन कमी भरतात. रेट सिंड्रोम या मेंदूच्या जनुकीय आजाराच्या एमईसीपी2 जीनच्या मॉडेलमध्येही कमी झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा ‘ऑटिझममध्ये स्पाइन वाढतात’ असं लिहूच नका. जीन, वय, लिंग, भाग, थर, एवढं सगळं वाक्यात आलं पाहिजे. आणि निदान दोन वयं घ्या. पैदाशीला वेळ लागतो ही सबब मला पटत नाही.

आता भराभर.

गॉल्जी-कॉक्स या पेशी काळ्या रंगवण्याच्या पद्धतीत फांदीच्या वर आणि खाली असलेले स्पाइन काळ्या रंगात झाकले जातात. हा आकडा कॉन्फोकलच्या (लेझरने थराथराने चित्र घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) आकड्याशी ताडू नका.

स्पाइनची मान बऱ्याचदा 200 नॅनोमीटरपेक्षा बारीक असते आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मजल तिथेच संपते. त्यामुळे ‘स्टबी’ (बिनमानेचे, बुटके) म्हणून मोजलेले कित्येक स्पाइन मुळात मान असलेलेच असतात. प्रकार पाडण्यापेक्षा लांबी आणि डोक्याची रुंदी मोजा.

एपिकल (पेशीच्या टोकाकडून निघणाऱ्या) आणि बेसल (बुडाकडून निघणाऱ्या) फांद्या एका रकान्यात नकोत. पेशीपासूनचं अंतरही ठरवून घ्या.

स्लाइडवरचा जीनोटाइप (उंदराचं जीन बंद की सामान्य) झाकल्याशिवाय मोजायला बसूच नका. चिठ्ठी दुसऱ्याने लावायची, यादीही त्याच्याकडेच. ‘मी तटस्थ आहे’ हे मी कुणाचंही ऐकत नाही.

सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवायची घाई नवख्यांना फार. दोन्ही गटांतल्या थोड्या फांद्या आधी हाताने मोजा आणि सॉफ्टवेअरची चूक एकाच गटाकडे झुकतेय का ते तपासा. झुकत असेल तर तो आकडा वापरू नका, सगळं हाताने मोजा.