नॅनोट्यूबचा स्पंज करायला शिकताना

कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांचा, स्पंज दाबल्यावर पुन्हा उसळतो, याचं मूळ भट्टीतल्या वाढीत असतं. म्हणून नव्याने आलेल्याने दाब-चाचणीच्या यंत्राकडे धावू नये, पहिले काही आठवडे भट्टीला द्यावेत. शिकायला सर्वांत चांगली कृती चीनमधल्या चिंगहुआ आणि पेकिंग विद्यापीठांतल्या संशोधकांची, २०१० साली प्रसिद्ध झालेली.

कृती वाचायला सोपी आहे. १,२-डायक्लोरोबेन्झीन या द्रावकात दर मिलिलिटरला ६० मिलिग्रॅम फेरोसीन (लोखंड असलेलं कार्बनी संयुग) विरघळवायचं, सिरिंज पंपाने ०.१३ मिलि प्रति मिनिट या वेगाने ८६० अंश सेल्सिअसच्या क्वार्ट्झ नळीत सोडायचं, सोबत आर्गॉन आणि थोडा हायड्रोजन. चार तासांत साधारण ३१ मिलि द्रावण लागतं, तेव्हा ३५ मिलि करून ठेवा, त्याला २.१ ग्रॅम फेरोसीन पुरतं. सिरिंज काचेची आणि जोडनळी टेफ्लॉनची हवी. प्लास्टिक सिरिंजचा रबरी दट्ट्या या द्रावकात फुगून अडकतो. पंपाच्या पडद्यावर वेग बरोबर दिसत राहतो, आत मात्र काहीच जात नसतं.

खरी मेख सुईच्या टोकाची आहे. टोक भट्टीत फार आत गेलं तर द्रावण सुईतच विघटित होतं आणि ती कार्बनने बुजते. फार बाहेर राहिलं तर थेंब जमून एकदम पडतात आणि वाढीत थर दिसतात. द्रावक १८० अंशांना उकळतो. टोकापाशी २५० ते ३०० अंश असावेत. आदल्या दिवशी रिकाम्या नळीत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सरकवत तापमानाचा नकाशा काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

डायक्लोरोबेन्झीनच का? त्याऐवजी झायलीन घेतलं तर नॅनोट्यूबच्या नळ्या उभ्या पिकासारख्या समांतर वाढतात. क्लोरीनमुळे ती शिस्त मोडते, नळ्या आडव्यातिडव्या रचल्या जातात आणि त्या गुंत्यातून स्पंजला सर्व बाजूंनी लवचिकता येते. याच क्लोरीनचा हायड्रोजन क्लोराइड वायू होतो, म्हणून बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून न्यावा. भट्टी आणि त्या द्रावणाच्या मध्ये एक रिकामी बाटली ठेवायलाच हवी. ती नसेल तर थंड होताना वायू आकुंचन पावतो, सोड्याचं द्रावण उलटं ओढलं जातं आणि तापलेल्या क्वार्ट्झला तडा जातो. वाढ संपली की हायड्रोजन बंद करा, आर्गॉन चालू ठेवा आणि नळी १०० अंशांखाली आल्यावरच उघडा. आत फेरोसीनमधलं लोखंड असल्याने गरम नॅनोट्यूब हवेत लवकर जळतात.

चांगल्या स्पंजची घनता ५ ते १० मिलिग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे एका घनसेंटिमीटरच्या ठोकळ्याचं वजन जेमतेम ८ मिलिग्रॅम. साध्या प्रयोगशाळेतला मिलिग्रॅमचा तराजू इथे कुचकामी. कापायला प्रत्येक वेळी नवं पातं घ्या. बोथट पातं कडा चेपतं, आणि त्या चेपलेल्या कडा मग दाब-चाचणीच्या आलेखात कडकपणा म्हणून दिसतात. कापणं फ्यूम हूडमध्ये (हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि एन-९५ मुखवटा घालून. यात सवलत नाही.

दाब-चाचणीला १० न्यूटनचा लोड सेल (बल मोजणारा संवेदक) घ्या. एक चौरस सेंटिमीटरवर १० किलोपास्कल म्हणजे फक्त १ न्यूटन. धातूंसाठीच्या किलोन्यूटन सेलवर तेवढा संकेत गोंगाटात हरवतो. दाबाचा आलेख उंची साधारण १० टक्के दाबली जाईपर्यंत सरळ, ६० टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट आणि पुढे एकदम चढता असतो. दाबून सोडण्याच्या पहिल्या चक्रात ऊर्जा जास्त खर्च होते आणि थोडी उंची कायमची जाते, म्हणून पहिलं चक्र वेगळं नोंदवा. सरासरीत मिसळलं की पुढच्या चक्रांचं चित्र बिघडतं.

लोखंड काढण्यासाठी आम्लात धुतलेला स्पंज ओव्हनमध्ये वाळवू नका. पाणी उडताना केशिकाबलाने (बारीक फटींतल्या पाण्याच्या ओढीने) भिंती एकमेकींना ओढतात आणि ठोकळा आक्रसतो. फ्रीझ-ड्राय करा, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवा.

हा स्पंज तेल आणि कार्बनी द्रव शोषतो. त्या तेलशोषणाचे आकडे वाचताना द्रवाची घनता पाहा. सगळी पोकळी भरली तर ८ मिलिग्रॅमच्या त्या ठोकळ्यात हेक्झेन वजनाच्या सुमारे ८२ पट मावतं, क्लोरोफॉर्म सुमारे १८५ पट. स्पंज दोन्हीकडे तोच आहे. हेक्झेन तराजूवरच उडतं, तेव्हा आधी तोललेल्या झाकणाच्या कुपीत टाकून वजन घ्या. आकडा या कमाल मर्यादेपलीकडे गेला आणि ठोकळा फुगलेला नसेल, तर बाहेर चिकटलेला थेंबही तोलला गेला आहे.