पोटदुखी एका बोटानं दाखवता येते का, आधी ते बघा

आमच्या खानापूरकडचं माणूस दवाखान्यात आलं की "पोटात लई दुखालंय ओ डॉक्टर" एवढंच सांगतं, मी लगेच म्हणते, एका बोटानं दाखवा बघू. सगळा तळहात फिरवला तर वेगळं, पण बोट नेमकं एकाच जागी टेकलं तर काही साधी कारणं असतात जी आपल्याला पटकन सुचत नाहीत.

त्याआधी धोक्याचं बघून घ्या. पोट फळीसारखं कडक, ताप, सारख्या उलट्या, गॅस-संडास बंद, चक्कर, यातलं काही असलं तर वेळ न घालवता बेळगावला पाठवायचं. बाईमाणसाची प्रेग्नन्सी टेस्ट, तरुण पोरांचे वृषण तपासणं (लाजून सांगत नाहीत ती), आणि वरच्या पोटात दुखणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाचा ईसीजी चुकवू नका.

मग कार्नेटची टेस्ट, १९२६ सालची आहे आणि पैसा लागत नाही. पेशंटला उताणं झोपवा, दुखरी जागा बोटानं दाबून धरा, हात छातीवर घडी घालून डोकं-खांदे उचलायला सांगा. दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते बहुतेक पोटाच्या भिंतीतलं, म्हणजे स्नायू नाहीतर त्यात अडकलेली नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू). कमी झालं तर आतलं, कारण ताठ झालेला स्नायू आतल्या अवयवाला झाकतो. नस असेल तर त्याच जागी भूल दिल्यावर आराम पडतो, तिथंच निदान होतं.

गेल्या उसाच्या सीझनला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर आला, जाडसर, पस्तिशीचा. डावीकडं खाली बोट ठेवून, "हितंच बगा." ताप नाही, जेवण चालू, रक्त नॉर्मल. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याला चिकटून चरबीचा छोटा लंबगोल, कडेनं सुजलेला दिसला, एपिप्लोइक अपेंडाजायटिस. आतड्याला लोंबणाऱ्या चरबीच्या गोंड्याला पीळ पडतो, बस. उजवीकडं झालं की अपेंडिक्स समजून ऑपरेशनसुद्धा होतं, याचंच मला वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा अँटिबायोटिकही लागत नाही, जेवणानंतरची पेनकिलर आणि एक-दोन आठवडे धीर पुरतो.

सर्दी-खोकल्यानंतर पोराचं पोट दुखलं तर आतड्याजवळच्या लसीकाग्रंथी (साध्या गाठी) सुजलेल्या असू शकतात, सोनोग्राफीत दिसतात.

घरी पाठवताना मी दुखऱ्या जागेवर पेननं गोल काढते आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावते, दुखणं गोलातून सरकलं किंवा पसरलं तर कालचं निदान बाजूला ठेवून पहिल्यापासून तपासते.