सनद मिळाली, आता बसायचं कोणाकडे?

मी 1991 ला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली, तेव्हापासून तालुका नाहीतर जिल्हा कोर्टात उभा आहे. दरवर्षी निकाल लागले की कोणीतरी भाचा किंवा पुतणी घेऊन येतं, काका हिला वकिली करायचीय जरा सांगा ना. दरवेळी तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

कागदाचं काम सोपंय. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, दोन्हीला सीईटी, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनदेचा अर्ज. नोंदणीला आधी हजारो रुपये जायचे, सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये सांगितलं की कायद्यात आहे तेवढीच फी घ्या, म्हणजे 750, एससी एसटीला 125, स्टॅम्प ड्युटी वेगळी. मग ऑल इंडिया बारची परीक्षा, 100 प्रश्न, आमच्या वेळी ही भानगड नव्हती. बीएनएस बीएनएसएस हे नवे फौजदारी कायदे पाठ करा पण आयपीसी, म्हणजे जुनी दंडसंहिता, रद्दीत घालू नका, 1 जुलै 2024 च्या आधीचे गुन्हे आयपीसीच्याच कलमांखाली चालतायत आणि अजून बरीच वर्षं चालणार.

खरा घोळ पुढे आहे, सिनिअर कोण. पोरं मोठं नाव बघून जातात, तिथे आधीच आठ ज्युनिअर असतात आणि तुमच्या वाट्याला फक्त तारखा घेणं येतं. त्यापेक्षा आठवडाभर कोर्टात मागच्या बाकावर गुपचूप बसा, ज्याच्या मॅटरमध्ये खरोखर साक्षीपुरावा चालतो तो वकील हेरा, मग भले त्याच्या ऑफिसात एसी नसो. पैशाचं आधीच विचारा, लाजू नका. मला पहिलं वर्षभर शनिवारची मिसळ सोडून काही मिळालं नाही आणि ते बरोबर होतं असं मी अजिबात म्हणणार नाही.

फाईल हातात आली की आधी रोजनामा, म्हणजे कुठल्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायचा, दावा नंतर. कोण किती वेळा मुदत मागतंय, से म्हणजे अर्जावरचं उत्तर कधी दिलं, खर्च कोणावर बसवला, तेवढ्यावरून समोरच्याचं दुखणं कुठे आहे ते कळतं. मग निशाणी 1 दावा, मग कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर आणि मग निशाणी 5 म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, यावरची ऑर्डर दोनदा वाचा, कारण बांधाच्या भांडणात मनाई मिळाली की पक्षकार निम्मं जिंकल्यासारखंच वागतो आणि पुढे दावा वर्षानुवर्षं चालतो.

डायरी स्वतः लिहा. मी दुसऱ्या वर्षी 17 तारखेच्या जागी 19 लिहिली, 17 ला पुकारा झाला, आमच्याकडून कोणीच नाही, दावा गैरहजेरीत काढून टाकला. तो परत घ्यायच्या अर्जाला 30 दिवस असतात, ते मी 19 ला दुपारी बार रूममध्ये घामाघूम होऊन शिकलो. पक्षकार एसटीने आला होता, काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. आता ईकोर्ट्सच्या साइटवर केसचा सीएनआर नंबर टाकला की तारीख दिसते, तरी रोज संध्याकाळी बोर्ड म्हणजे कोर्टाची केसेसची यादी आणि डायरी ताडून बघायचीच.

थेट जज व्हायचं असेल तर मे 2025 च्या निकालाने तीन वर्षं प्रॅक्टिस परत सक्तीची झालीय, म्हणजे तुम्हालाही हे चुकलेलं नाही.

आणि उलटतपास. पहिले सहा महिने तोंड उघडू नका, सिनिअरच्या बाजूला उभं राहून जबाब टाईप होताना स्क्रीनकडे बघा. साक्षीदार म्हणतो "आठवत नाही", टाईप होतं "मला माहीत नाही", आणि युक्तिवादाला या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सही व्हायच्या आत हळूच सिनिअरच्या कानात सांगा, नंतर सांगून काही उपयोग नाही.