मैत्रिणीचं लग्न मोडलंय, ब्रेकअप झालंय? मग तिच्याजवळ बसताना या चुका टाळा

साखरपुडा झाला होता, हॉलचा ॲडव्हान्स भरून झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या आणि पहिली पत्रिका कसबा गणपतीला ठेवूनसुद्धा झाली होती. लग्नाला सात आठवडे राहिलेले आणि माझ्या मैत्रिणीचं लग्न मोडलं. का मोडलं ते इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. मी सांगणारे ते आमच्याबद्दल, म्हणजे आम्ही चार मैत्रिणी, तिच्यावर प्रचंड जीव असणाऱ्या, आणि तरीही पहिल्या महिनाभरात आम्ही तिला केवढा तरी त्रास दिला. मुद्दाम कुणीच नाही दिला. पण आपल्याला वाटतं जीव आहे ना, मग आपण बरोबरच वागू, आणि तसं होत नाही, दुखावलेल्या माणसाजवळ कसं बसायचं हे शिकावंच लागतं. साखरपुडा मोडलेला असो, पाच वर्षांचं अफेअर तुटलेलं असो नाहीतर कॉलेजातलं पहिलं ब्रेकअप, चुका मात्र त्याच त्याच होतात.

"बरं झालं, सुटलीस"

हे वाक्य पहिल्या दिवशी सगळे म्हणतात. मीही म्हटलं. वर आणखी म्हटलं, "मला तर तो पहिल्यापासूनच आवडला नव्हता." मला वाटलं मी तिची बाजू घेतीये. तिला काय ऐकू आलं माहितीये? की तिला माणसं ओळखता येत नाहीत आणि तिच्या मैत्रिणीला सगळं दिसत होतं तरी ती दीड वर्ष गप्प बसली. शिवाय तिचं प्रेम त्या दिवशी संपलेलं नव्हतं. लग्न मोडलं म्हणजे माया त्याच दिवशी आटते असं थोडंच आहे? मग ज्याच्यासाठी ती रडतीये त्याला आपण शिव्या घालायला लागलो की तिला रडायची पण चोरी होते.

आणि "एवढं काय त्यात, अजून वय आहे" हे तर नकोच. 2011 साली मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतंच नातं तुटलेल्या 40 जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. एकदा त्यांना त्या माणसाचा फोटो दाखवून ते तुटणं आठवायला सांगितलं आणि एकदा हाताला चटका बसेल एवढी उष्णता दिली. दोन्ही वेळेला मेंदूतले काही भाग तेच जागे झाले, शरीराची वेदना जिथे उमटते त्यातलेही. तेव्हा ती छातीवर हात ठेवून "इथे दुखतंय" म्हणते ना, ते खरं माना. पाय मोडलेल्या माणसाला आपण "एवढं काय त्यात" म्हणतो का?

मग म्हणायचं काय? खरं सांगू, फार काही म्हणावं लागत नाही. "मी आलीये" एवढं पुरतं. आमच्यातली एक जण मुळातच कमी बोलणारी. ती रविवारी सकाळी घरी गेली, काकूंना म्हणाली तुम्ही बसा, आणि ओट्याशी उभी राहून मुगाच्या डाळीची पातळ खिचडी टाकली. मी तेव्हा तिथेच होते. दिवाणावर पत्रिकांचा गठ्ठा तसाच पडलेला, वरच्या दहा-बाराच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून झालेलं, आणि जिचं लग्न मोडलं ती त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून झोपलेली. हिने जाऊन तो गठ्ठा उचलला, आतल्या खोलीत कपाटावर ठेवला, एक शब्द बोलली नाही. मग ताटलीत खिचडी, वर तूप, शेजारी लिंबाच्या लोणच्याची फोड, आणि स्वतःची ताटली घेऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसून जेवायला लागली. पाच-सात मिनिटांनी ती झोपलेली उठून बसली आणि चार घास खाल्ले. तीन दिवसांत पहिल्यांदा. आम्ही बाकीच्या तीन दिवस फोनवर जे बोलबोल बोललो होतो त्याने चहासुद्धा तिच्या पोटात गेला नव्हता.

रोज रात्री पोस्टमॉर्टेम

ही आमची सगळ्यात मोठी चूक आणि ती कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती करताना आपण खूप चांगल्या मैत्रिणी आहोत असंच वाटत राहतं. रात्री साडेनऊला ग्रुप कॉल, मग तिने जुने स्क्रीनशॉट टाकायचे, आम्ही वाचायचे, "हे बघ इथेच त्याचं बदललं होतं", "या मेसेजला त्याने रिप्लायच दिला नाहीये", "दिवाळीत त्याची आई असं म्हणाली होती त्याचा अर्थ आत्ता कळतोय", असं करत करत एक-दीड वाजायचा. कॉल संपला की आम्ही झोपायचो आणि तिला पहाटेपर्यंत झोप लागायची नाही. अर्थात नाहीच लागणार, आम्ही ताजी जखम रोज उघडून परत तशीच ठेवून जात होतो.

याला मानसशास्त्रात नाव आहे, को-रुमिनेशन, म्हणजे दोघींनी मिळून एकच दुःख चघळत बसणं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या अमांडा रोझ यांनी 2002 साली यावर लिहिलं, आणि 2007 साली शाळकरी मुलामुलींना काही महिन्यांच्या अंतराने परत तपासून जे दिसलं ते मला फार पटलं. असं बोलत बसण्याने मुलींची मैत्री घट्ट होत होती आणि त्याच वेळी त्यांचं नैराश्य आणि चिंताही वाढत होती. दोन्ही एकदम. म्हणूनच तर ही चूक सापडत नाही, जवळीक वाढतीये म्हणजे बरंच चाललंय असं वाटतं.

याचा अर्थ बोलायचंच नाही असा घेऊ नका, कोंडून ठेवणं त्याहून वाईट. आम्ही काय केलं ते सांगते. कॉल रात्रीचा संध्याकाळी आणला. पहिला अर्धा तास तिने हवं ते बोलायचं, रडायचं, आम्ही फक्त ऐकायचं, अर्थ लावायचा नाही. मग विषय बदलायचा, आणि तो बसल्याजागी बदलत नाही, त्यासाठी उठावं लागतं. म्हणून मग वेताळ टेकडी. आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसहाला एकीने तिला खाली जाऊन हाक मारायची. पहिले दोन-तीन वेळा ती पायऱ्या उतरून परत वर गेली, तेही चालतं, परवा परत हाक मारायची. चालताना एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नसतं, त्यामुळे टेकडीवर ती जे बोलली ते कॉलवर कधीच बोलली नव्हती.

फोन

तिच्यासाठी तुमच्या अकाउंटवरून त्याचं इन्स्टा बघू नका. ती हात जोडून म्हणेल, "एकदाच बघ ना त्याने स्टोरी टाकलीये का." नाही म्हणा, प्रेमाने म्हणा, पण म्हणा. आम्ही एकदा बघितली, त्यात तो कुठल्यातरी मित्राच्या हळदीत नाचत होता, आणि त्या एका पंधरा सेकंदांच्या व्हिडिओने आमचे दहा दिवस पाण्यात गेले.

सगळं डिलीट कर म्हणून मागे लागणंही चूक आहे. रागात फोटो उडवले की पुढे पस्तावा होतो आणि कधीकधी पुरावा म्हणून लागतील असे मेसेजही जातात. त्यापेक्षा एका दुपारी शेजारी बसून हे करा: व्हॉट्सॲप चॅट अर्काइव्हमध्ये टाका, इन्स्टावर त्याला म्यूट करा (ब्लॉक करायचं का ते तिला ठरवू दे), आणि गूगल फोटोजच्या मेमरीजच्या सेटिंगमध्ये त्याचा चेहरा लपवा, नाहीतर "मागच्या वर्षी याच दिवशी" म्हणून महाबळेश्वरचे फोटो बरोब्बर समोर येतात. गूगल मॅप्सवर लोकेशन शेअर केलेलं असतं ते बहुतेकींच्या लक्षातच नसतं, ते आधी बंद करा. पासवर्ड बदला, ईमेलचा सगळ्यात पहिला.

आणि तो तिचे खासगी फोटो पसरवीन अशी धमकी देत असेल तर ते हार्टब्रेक राहत नाही, तो गुन्हा आहे. स्क्रीनशॉट जपून ठेवायचे, त्याच्याशी घासाघीस करत बसायचं नाही, नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करायची आणि पोलीस स्टेशनला तिला एकटीला पाठवायचं नाही. स्टॉपएनसीआयआय नावाची एक फुकट सोय आहे, तिथे तो फोटो अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तो ठसा सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो, म्हणजे फोटो त्यांच्या साइटवर कुणी टाकलाच तर अडवता येतो. पाठलाग करत असेल, नको म्हटल्यावरही सारखे मेसेज करत असेल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं 78 वं कलम त्यासाठीच आहे.

लोकांना कोण सांगणार

लग्न मोडलं की ब्रेकअपपेक्षा एक गोष्ट जास्तीची असते, ती म्हणजे लोक. केळवणं झालेली असतात! ज्या मावशीने पुरणपोळी करून साडी दिली तिला काय सांगायचं? आई-वडील स्वतःच खचलेले असतात. इथे मैत्रिणीने कामाला यावं, रडायला खांदा द्यायला दहा जणी असतात पण हॉलवाल्याला फोन करायला कुणी नसतं. आम्ही यादी केली: हॉल, केटरर, फोटोग्राफर, मेंदीवाली, पार्लर, ब्लाऊज शिवायला टाकलेली टेलर. फोन वाटून घेतले. टेलरकडून चार ब्लाऊज मी घेऊन आले आणि माझ्याच घरी ठेवले, अजूनही माझ्याकडेच आहेत. अंगठी, दागिने, साड्या परत देताना दोन्हीकडच्या एकेका मोठ्या माणसासमोर, लिहिलेल्या यादीवर सह्या घेऊन द्या, नाहीतर चार महिन्यांनी त्यावरूनच वाद उभा राहतो.

नातेवाइकांसाठी एक वाक्य ठरवा, आम्ही ठरवलं होतं, "दोन्ही घरांनी मिळून थांबायचं ठरवलंय, यापेक्षा जास्त बोलायचं नाहीये." सगळ्यांनी तेच, तेवढंच. तिला विचारल्याशिवाय कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर काहीही टाकू नका, आमच्यातल्या एकीने काळजीपोटी टाकलं आणि रात्रीत तिला बावीस जणींचे मेसेज आले.

आणि काकूंशी कुणीतरी बोला. आठव्या दिवशी काकूंनी विवाह मंडळात परत नाव घालायचा विषय काढला. त्यांचंही चुकत नव्हतं, भीती असते ती, पण मुलीला त्या वेळी स्थळ नको असतं. तेच डेटिंग ॲपचं, तेच गोव्याच्या ट्रिपचं. जायचंय तर जा गोव्याला, पण तिला हसवायचंच असं ठरवून जाऊ नका, आणि झोप लागत नाही म्हणून पिणं तर मुळीच सुरू करू देऊ नका.

पहिले पंधरा दिवस सगळ्या, मग कुणीच नाही

तिसऱ्या आठवड्यापासून फोन कमी होतात. आपापल्या नोकऱ्या, घरं, मुलं असतात, कुणाला दोष देत नाहीये. पण खरं एकटेपण तेव्हाच सुरू होतं. म्हणून सगळ्यांनी एकदम धावण्यापेक्षा पाळी लावा, जसं घरात कुणी ॲडमिट असलं की लावतो तसं. ज्या दिवशी तुम्हाला झेपणार नाही त्या दिवशी स्पष्ट सांगा, "आज नाही जमत गं, उद्या सकाळी येते," आणि मग खरंच जा. मी एकटीने सगळं ओढायला गेले आणि पाचव्या आठवड्यात तिचाच फोन बघून मला धडधडायला लागलं होतं.

कॅलेंडरमध्ये तारखा टाकून ठेवा, त्याचा वाढदिवस, साखरपुड्याची तारीख, आणि जिथे लग्न ठरलेलं असतं तिथे मुहूर्ताचा दिवस. तिचा मुहूर्त 11 वाजून 42 मिनिटांचा होता. आम्ही चौघींनी सुट्टी टाकली आणि तिच्या घरी मटार सोलत बसलो. तिने घड्याळाकडे बघितलं, म्हणाली, "अक्षता पडल्या असत्या आत्ता." कुणी काही बोललं नाही. एकीने तिचा हात धरला, मटाराचा हिरवा रंग लागलेला, आणि ती बराच वेळ रडली, आणि मग आम्ही उरलेले मटार सोलले.

या सगळ्याच्या पुढची एक वेळ असते ती ओळखा. दोन-अडीच आठवडे होऊन गेले तरी झोप नाही, खाणं नाही, अंघोळसुद्धा करवत नाही, किंवा "मी नसते तर सगळ्यांची सुटका झाली असती" असं काही ती बोलली, एकदा जरी बोलली, तर मैत्रीवर भागवू नका. सरळ विचारा, "जीवाचं बरंवाईट करायचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला जागा मिळते. हो म्हणाली तर तिला एकटीला सोडू नका आणि डॉक्टरकडे बरोबर जा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालीये, 14416, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.

चूक होऊन गेलीच असेल तर

मी जे "पहिल्यापासूनच आवडला नव्हता" म्हणाले होते त्याचं काय झालं ते राहिलंच. मुहूर्ताच्या दिवसानंतर ती त्याच्याशी परत बोलायला लागली होती, दोन महिने बोलत होती, आणि तिने बाकी तिघींना सांगितलं पण मला नाही. मला दुसरीकडून कळलं आणि आधी खूप राग आला, मग लक्षात आलं की सांगायचा रस्ता मीच बंद केला होता.

मी तिला फोन केला आणि स्पष्टीकरण न देता म्हटलं, "त्या दिवशी मी त्याच्याबद्दल तसं बोलायला नको होतं, चुकलं माझं. तू त्याच्याशी बोल किंवा नको बोलूस, मला सांगितलंस तर मी नुसतं ऐकेन." ती गप्पच होती. मग म्हणाली, "संध्याकाळी येतेस का?" मी गेले. तिने चहा टाकला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, पावणेदोन तास, आणि मी एकदाही मध्ये बोलले नाही.